भिशीचा नंबर लागला, आता दोन लाखांचा लॅपटॉप घ्यावा का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ते ३१ वर्षांचे असून सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांना जकार्ड (विणीतच नक्षी उमटवण्याच्या पद्धतीचे) डिझाइन करून देतात. चांगल्या महिन्यात ५५,००० रुपये मिळतात, पावसाळ्यातील तीन महिने काम निम्म्यावर येते. पत्नी शिक्षिका असून त्यांचा पगार २८,००० रुपये आहे. घरखर्च ४२,०००, जुळे सोलापुरातील सदनिकेचा हप्ता ११,५००, एसआयपी ६,००० आणि भिशीचे १०,००० रुपये अशी दरमहा वाटणी आहे. बँकेत २,४०,००० रुपयांची मुदतठेव आणि पतसंस्थेत १,५०,००० रुपये आहेत. पंधरा जणांच्या भिशीत नवव्या महिन्यात, म्हणजे याच फेब्रुवारीत, त्यांचा नंबर लागला असून १,५०,००० रुपये हाती आले आहेत. त्यांना दीड किलो वजनाचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला पण चिपमध्येच शक्तिशाली ग्राफिक्स असलेला, ३२ जीबी रॅमचा गेमिंग लॅपटॉप घ्यायचा आहे. किंमत १,९५,००० रुपये असून रोखीने ७,००० रुपये सूट आहे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा, सुमारे अडीच किलोचा लॅपटॉप त्याच दुकानात १,०५,००० रुपयांना आहे. भिशीचे पैसे आणि थोडी मुदतठेव मोडून रोखीने घ्यावा, की भिशीचे पैसे ठेवीत टाकून बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण दोन मार्ग विचारले आहेत, परंतु हिशेब मांडल्यावर दोन्ही मार्ग जवळपास एकाच ठिकाणी येऊन थांबतात. भिशीचे दीड लाख रुपये आपल्याला मिळालेले नाहीत. त्यांतील ९०,००० रुपये आपणच नऊ महिन्यांत भरलेले आहेत, आणि उरलेले ६०,००० रुपये म्हणजे गल्लीतल्या चौदा माणसांकडून घेतलेले बिनव्याजी कर्ज आहे, जे मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने फेडायचे आहे. नंबर लागला की ही गोष्ट नेमकी विसरली जाते, कारण पैसे एकाच बंडलात येतात.

आता पहिला मार्ग पाहा. सूट धरून १,८८,००० रुपये द्यायचे, तर भिशीखेरीज ३८,००० रुपये ठेवीतून काढावे लागतील. ठेव २,०२,००० रुपयांवर येईल आणि भिशीचे देणे वजा केले तर आपले म्हणण्यासारखे १,४२,००० रुपये उरतील. दुसऱ्या मार्गात ठेव ३,९०,००० रुपये दिसेल, पण समोर भिशीचे ६०,००० आणि लॅपटॉपचे १,९५,००० रुपये देणे असेल, म्हणजे खरी शिल्लक १,३५,००० रुपये. दुसऱ्या मार्गात फक्त पासबुक भरलेले दिसते. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून आपल्याला महिन्याला ५३,५०० रुपये लागतात, त्यामुळे दोन्हीपैकी कोणत्याही मार्गाने आपल्याजवळ पावणेतीन महिन्यांचीही सोय राहत नाही. पतसंस्थेतील दीड लाख मी यात धरले नाहीत, आणि ते जाणीवपूर्वक. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. ती रक्कम बुडेल असे मी म्हणत नाही, मात्र अडचणीच्या रात्री हात घालायची रक्कम ती नव्हे.

‘नो कॉस्ट ईएमआय’विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या शब्दांवर विश्वास ठेवून अनेक जण पत्रे लिहितात. बँक व्याज सोडत नाही. विक्रेता त्या व्याजाइतकी सूट किमतीत देतो आणि बँक कमी केलेल्या रकमेवर व्याज लावते, म्हणून बारा हप्त्यांची बेरीज छापील किमतीइतकी येते. बँकेचा दर १६ टक्के धरला, तर १६,२५० रुपयांच्या बारा हप्त्यांत सुमारे १५,९०० रुपये व्याज दडलेले असते, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २,८६० रुपये, आपल्याच खात्यातून जातो. प्रक्रिया शुल्क वेगळे. शिवाय रोखीची ७,००० रुपयांची सूट गेली, म्हणजे हा ‘विनाखर्च’ हप्ता जवळजवळ दहा हजारांना पडला. हाती राहिलेल्या पैशांवर साडेसहा टक्के व्याज मिळेल असे धरले तरी वर्षभरात, दर महिन्याला रक्कम कमी होत जात असल्यामुळे, सात हजारांहून कमीच रुपये मिळतील. दुकानात रोखीची सूट नसती तर माझे मत वेगळे असते. येथे ती आहे.

खरी अडचण मात्र व्याजाची नाही. चांगल्या महिन्यात आपली जमा ८३,००० रुपये आणि खर्च, एसआयपी, भिशी मिळून ६९,५०० रुपये, म्हणजे शिल्लक १३,५०० रुपये. त्यावर १६,२५० रुपयांचा हप्ता बसवला तर चांगल्या महिन्यातही २,७५० रुपये कमी पडतात. पावसाळ्यात आपली जमा ५५,५०० रुपयांवर येते तेव्हा हप्ता नसतानाच १४,००० रुपयांची तूट आहे. हप्ता असेल तर ती ३०,२५० रुपये होईल. जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांतच नव्वद हजारांहून अधिक रक्कम ठेवीतून काढावी लागेल. क्रेडिट कार्डाचा एखादा हप्ता त्या गडबडीत चुकला तर पुढे काय व्याज लागते, हे आपण कार्डाच्या अटींत वाचून घ्यावे.

पत्रात आपण लिहिले आहे की, लॅपटॉप कामासाठीही आहे आणि त्यामुळे करही वाचेल. या दोन्ही समजुती तपासल्या पाहिजेत. संगणकावर ४० टक्के दराने घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो हे खरे आहे, पण त्याचा फायदा होण्यासाठी मुळात उत्पन्नावर कर लागावा लागतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि आपले डिझाइनचे उत्पन्न त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, त्यामुळे घसाऱ्याने वाचवण्यासारखा करच नाही. जीएसटीची नोंदणी आपण केलेली नाही आणि सेवेसाठीच्या २० लाखांच्या उलाढालीपासून आपण दूर आहात, तेव्हा बिलातील सुमारे २९,७०० रुपयांचा जीएसटी परत मिळण्याचाही प्रश्न येत नाही.

कामाचे म्हणाल तर जकार्डच्या आलेखाला आणि विणीच्या आराखड्याला ग्राफिक्सच्या या ताकदीची गरज नसते. तेथे पुरेशी रॅम, वेगवान एसएसडी आणि चांगला, मोठा पडदा उपयोगी पडतो. आपल्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून लावायचे छोटे उपकरण) लागते असे आपण लिहिले आहे. सडपातळ यंत्रांवर जुन्या आकाराचे यूएसबी पोर्ट मोजकेच, काहींवर एकच असते, त्यात डोंगल लावल्यावर माउस कोठे लावायचा हे दुकानातच पाहून घ्यावे. याचा अर्थ असा की, किमतीतील ग्राफिक्सचा भाग हा गेमिंगच्या छंदाचा खर्च आहे. छंदावर खर्च करण्यात काही वावगे नाही. तो वहीत छंद म्हणून लिहावा, ‘व्यवसायातील गुंतवणूक’ म्हणून नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

यंत्र स्वतः कसे आहे? आपण ज्या चिपविषयी लिहिले आहे ती एएमडीची रायझन एआय मॅक्स प्लस ३९५, जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेली. तिचे कौतुक रास्त आहे. नेहमीच्या लॅपटॉपमधील अंगभूत ग्राफिक्स दुबळे पडते ते मुख्यतः मेमरीचा मार्ग अरुंद असल्यामुळे. तो सहसा १२८ बिटांचा असतो. या चिपमध्ये तो २५६ बिटांचा असून सेकंदाला २५६ जीबी इतका वेग मिळतो, आणि ग्राफिक्सची ४० कम्प्युट युनिट (चित्राचे गणित करणारे भाग) आहेत. बहुतेक खेळांत ती एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या लॅपटॉपमधील वेगळ्या कार्डाच्या आसपास चालते. नावे मात्र फसवी आहेत. मॅक्स ३९० मध्ये ३२ कम्प्युट युनिट आहेत, आणि ‘मॅक्स’ हा शब्द नसलेल्या रायझन एआय ९ एचएक्स ३७० मध्ये केवळ १६. बिलावर चिपचे पूर्ण नाव आणि आकडा लिहून घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

याच रचनेची दुसरी बाजू अर्थनियोजकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. प्रोसेसर, ग्राफिक्स आणि रॅम हे सर्व एकाच बोर्डवर पक्के बसवलेले असते. रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि ३२ जीबीतूनच ग्राफिक्सलाही वाटा द्यावा लागतो. खेळासाठी ८ जीबी बाजूला काढले तर बाकी सर्व कामांना २४ उरतात. आज ते पुरेसे आहे, चौथ्या वर्षी असेल का याचा निर्णय मात्र आजच करावा लागतो. हमी संपल्यावर बोर्ड गेला तर तिन्ही गोष्टी एकदम जातात. जाड लॅपटॉपमध्येही ग्राफिक्स चिप बोर्डवरच असते, पण त्यांतील बऱ्याच यंत्रांत रॅम काढून दुसरी घालता येते.

मग ८३,००० रुपये अधिक कशाचे? ताकद सारखीच असेल, तर उत्तर एकच: वजनाचे. चार वर्षांनंतर पहिला लॅपटॉप ५०,००० आणि दुसरा २७,००० रुपयांना विकला जाईल असा माझा अंदाज धरला, तर पहिल्याचा खर्च महिन्याला २,८७५ आणि दुसऱ्याचा १,६२५ रुपये पडतो. हलकेपणाचे भाडे महिन्याला १,२५० रुपये झाले. आपण महिन्यातून आठ दिवस लॅपटॉप घेऊन फिरता, पण त्यांतील सहा दिवस कारखान्यात डिझाइन दाखवायला, ज्याला आपला २०१९ चा जुना लॅपटॉप चालतो. घराबाहेर खेळण्याची संधी पुण्याच्या दोन मुक्कामांतच येते, म्हणजे एका रात्रीला ६२५ रुपये. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून खेळू, असे मनात असेल तर तेही मोजावे: ७० वॉट-तासांची बॅटरी ७० वॉट खेचणाऱ्या खेळात तासभर टिकते आणि पुणे चार तासांवर आहे.

येथे माझेही एक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी ‘हलका आहे, कोठेही नेता येईल’ म्हणून मी दीडपट किंमत देऊन लॅपटॉप घेतला. तो माझ्या कार्यालयातील टेबलावरून आजवर दहा वेळाही हललेला नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही विचार व्हावा. ही चिप ४५ ते १२० वॉटपर्यंत चालवता येते, आणि त्यांतील किती वॉट प्रत्यक्ष मिळतील हे सडपातळ शरीरातून उष्णता किती बाहेर पडते यावर ठरते. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा पंख्याखालच्या खोलीत यंत्र स्वतःचा वेग कमी करील. हे जाड यंत्रालाही लागू आहे, पण त्याला श्वास घ्यायला जागा अधिक असते. नवी पेठेतील दुकानाच्या एसीत पाच मिनिटे चालवून पाहिलेल्या खेळावरून काही ठरवू नये. अर्धा तास चालवू द्यावा असा आग्रह धरावा.

माझा सल्ला असा आहे की, आज कोणताही लॅपटॉप घेऊ नये. सहा महिन्यांच्या खर्चासाठी ३,२१,००० रुपये हवेत आणि मुदतठेव २,४०,००० रुपयांची आहे, म्हणून भिशीतील ८१,००० रुपये आजच वेगळ्या ठेवीत टाकावेत. उरलेले ६९,००० रुपये बचत खात्यात ‘लॅपटॉप’ या नावाने ठेवावेत. मार्च ते मे या काळात ४०,५०० रुपये वाढतील, पावसाळ्यात ४२,००० रुपये खर्च होतील, म्हणजे ऑगस्टअखेर ६७,५०० रुपये हाती असतील आणि भिशी फिटलेली असेल. सप्टेंबरपासून महिन्याला २३,५०० रुपये शिल्लक पडून ऑक्टोबरअखेर १,१४,५०० रुपये होतील. दिवाळीला जाड लॅपटॉप पूर्ण रोखीने घेता येईल. हलकाच हवा असेल तर पुढच्या फेब्रुवारीअखेर २,०८,५०० रुपये जमतील. आपल्या पत्रात मुदत विम्याचा उल्लेख नाही. गृहकर्ज असताना तो नसेल, तर या निधीतून पहिला खर्च त्याच्या हप्त्याचा होईल आणि तारीख एखाद्या महिन्याने पुढे जाईल.

थांबल्याने किंमत उतरेलच असे आश्वासन मी देणार नाही. एरवी ते देता आले असते, परंतु २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत आणि बोर्डवरच रॅम असलेल्या यंत्रांना त्याची झळ लागते. किंमत पाच-सात हजारांनी वाढली तरी वरचा हिशेब बदलत नाही.

दिवाळीपर्यंत एक गोष्ट करावी. गेमिंगचा लॅपटॉप असता तर ज्या दिवशी तो खरोखरच घराबाहेर नेला असता, त्या दिवसावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करावी. महिन्याला सात-आठ खुणा भरल्या, किंवा घरात खेळण्यासाठी कायमचे टेबल ठेवायला जागाच नाही असे लक्षात आले, तर हलका लॅपटॉप घ्यायला माझी हरकत नाही. त्या वेळी तीन वर्षांची वाढीव हमी मात्र किमतीतच धरावी आणि बिघाड झाल्यास यंत्र सोलापुरात दुरुस्त होते की पुण्याला पाठवावे लागते, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे. खुणा दोन-तीनच राहिल्या, तर जाड लॅपटॉप घ्यावा आणि जुन्यात नवी एसएसडी बसवून तो कारखान्यात न्यायला ठेवावा.