पीबीटी या प्लास्टिकवर मोल्ड केलेले सिलिकॉनचे सील सोलून निघते. पकड कशी आणावी?
पीबीटीच्या भागावर द्रव सिलिकॉनचे सील बसवल्यानंतर ते नखाने सहज सुटते, असे आपण विचारले आहे. साधा द्रव सिलिकॉन प्लास्टिकला मुळात चिकटतच नाही, त्यामुळे आपला ग्रेड स्वयंचिकट आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. अशा ग्रेडमधील घटक पीबीटी आणि नायलॉनच्या पृष्ठभागाशी रासायनिक बंध जोडतात. पॉलिप्रॉपिलीनवर मात्र सहसा प्लाझ्मा प्रक्रियेचा (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग तयार करणे) किंवा प्रायमरचा (आधी लावायचा पकड देणारा थर) आधार घ्यावा लागतो.

ग्रेड योग्य असूनही सील सुटत असेल, तर माझा पहिला संशय पृष्ठभागावर जातो. भाग सहज सुटावा म्हणून साच्यावर मारलेला रिलीज स्प्रे, हाताचा तेलकटपणा किंवा प्लास्टिकमधून वर आलेले वंगण यांचा अगदी पातळ थरही बंध होऊ देत नाही, म्हणून प्लास्टिकचा भाग ताजा आणि गरम असतानाच त्यावर सिलिकॉन यावा. प्लास्टिक आणि सिलिकॉन एकापाठोपाठ मोल्ड करणाऱ्या दोन घटकांच्या मशीनचा खरा लाभ हाच आहे. प्लास्टिकमधील गंधक किंवा अमाइन (नायट्रोजनयुक्त संयुगे) सिलिकॉन पिकवणाऱ्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करतात आणि जोडाजवळचा सिलिकॉन चिकट, अर्धवट पिकलेला राहतो. सिलिकॉन पिकण्यासाठी साचा गरम लागतो; काचतंतूयुक्त पीबीटी साच्याचे १५० अंश सेल्सिअस तापमान सहन करते, पॉलिकार्बोनेटसाठी ते बरेच खाली आणावे लागते.

सोलून पाहण्याची चाचणी एक दिवस थांबून करावी, कारण पकड साच्यातून निघाल्यावरही वाढत राहते. सिलिकॉन स्वतः फाटून त्याचा थर प्लास्टिकवर उरला, तरच बंध पक्का समजावा. स्वयंचिकट ग्रेड पोलादालाही धरतो, म्हणून साच्याला योग्य लेप द्यावा.