तीन बेडरूमच्या घराला ४० किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की लंडनजवळच्या स्लाउमध्ये जुनं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामायिक असलेलं) घर घेतलंय, दोन बाथरूम आहेत, माळ्यावर पाण्याची टाकी आणि कपाटात गरम पाण्याचा सिलिंडर आहे. बघायला आलेला माणूस म्हणतो, हे सगळं काढून ४० किलोवॅटचा कॉम्बी, म्हणजे टाकी-सिलिंडरशिवाय थेट पाणी तापवणारा गॅस बॉयलर, लावा, म्हणजे पाणी कधी कमी पडणार नाही.

आधी बादली शोधा. इंग्लंडात कितीही वर्षं काढली तरी आपल्या बाथरूममधली बादली हलत नाही, तेव्हा ती असेलच. घरातले बाकी नळ बंद करा आणि स्वयंपाकघरातल्या थंड पाण्याच्या नळाखाली ती भरायला किती वेळ लागतो ते मोजा. सिंकमध्ये बादली मावत नसेल तर बागेतला नळ चालेल. वरच्या बाथरूममध्ये मात्र मोजू नका. तिथलं पाणी बहुधा माळ्यावरच्या टाकीतून येतं आणि टाकी तर निघणार आहे. कॉम्बीला थेट रस्त्यावरच्या लाइनचं पाणी लागतं. १५ लिटरची बादली ७५ सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर. सकाळी सगळी गल्ली अंघोळीला लागते तेव्हाही एकदा मोजा.

हे का, तर कॉम्बी म्हणजे आपला गॅस गीझरच, फक्त तो रेडिएटरही तापवतो. साठा काही नाही, नळ सोडला की पेटतो. तुमचा सध्याचा सिलिंडर म्हणजे बंब. हिवाळ्यात लाइनचं पाणी ५ अंशांपर्यंत उतरतं. ते अंघोळीला ४० अंशांवर न्यायचं म्हणजे ३५ अंशांची वाढ, आणि मिनिटाला १० लिटर पाणी तेवढं तापवायला साधारण २४ किलोवॅट लागतात. ३० किलोवॅटमध्ये १२ लिटर, ४० किलोवॅटमध्ये १६ लिटर. आता तुमच्या नळालाच ११ लिटर येत असतील, तर वरच्या किलोवॅटचं करायचं काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

दुसरी बाजू रेडिएटरची, ती विकणारा सहसा काढत नाही. तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर कडाक्याच्या थंडीतही बहुतेकदा १० किलोवॅटच्या आत-बाहेर भागतं. म्हणजे कॉम्बीचा मोठा आकडा अंघोळीसाठी असतो, घरासाठी नव्हे. म्हणून माहितीपत्रकात कमाल आकड्यापेक्षा किमान आकडा बघा. बॉयलर ३-४ किलोवॅटपर्यंत खाली येऊ शकत असेल तर तो मंद आचेवर तासन्‌तास चालतो. किमान आकडाच ९-१० असेल तर ऑक्टोबर-एप्रिलच्या सौम्य दिवसांत तो सारखा पेटतो नि विझतो. गॅस वाया जातो आणि यंत्रही झिजतं. बसवल्यावर रेडिएटरला जाणारं पाणी ७५-८० अंशांवर ठेवलेलं असेल तर ५५-६० वर आणा. परत येणारं पाणी ५५ च्या खाली असलं तरच धुरातली वाफ निवते आणि तिची उष्णता आपल्याला मिळते. कंडेन्सिंग बॉयलरचा फायदा तिथेच आहे.

मी तुमच्या जागी असतो तर? दोन शॉवर एकाच वेळी चालणार असतील तर सिलिंडर ठेवला असता. त्यातल्या इमर्शनमुळे (विजेवर पाणी तापवणाऱ्या कांडीमुळे) बॉयलर बंद पडला तरी गरम पाणी मिळतं, आणि पुढे हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) घ्यायचा तर सिलिंडर लागतोच. नुसत्या बॉयलरला अनुदान नाही. इंग्लंड-वेल्समध्ये हीट पंपाला ७,५०० पौंडांचं आहे, तेव्हा तोही भाव काढून बघा. पण अंघोळी एकामागून एक होणार असतील आणि कपाटाची जागा हवी असेल तर ३० किलोवॅटचा कॉम्बी पुरे. आईवडील बादलीनेच अंघोळ करणार म्हणता, मग तर प्रश्नच नाही.

काही गोष्टी कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. गॅसची जुनी १५ मिलिमीटरची पाइप बहुधा पुरणार नाही, ती बदलायचा खर्च धरलाय का? रेडिएटरमधला गाळ धुऊन चुंबकाचा फिल्टर बसवणार का? तुमच्या भागातलं पाणी जड आहे, किटलीतला पांढरा थर पाहिलाच असेल. तोच बॉयलरमध्ये साचतो, तेव्हा त्याचा बंदोबस्त काय? टाकी गेल्यावर रेडिएटरच्या पाइपांतला दाब १ ते १.५ बार होतो, त्यात जुने सांधे कधीकधी पाझरतात. तेही विचारून ठेवा.

आणि ती प्लास्टिकची पाण्याची नळी! कंडेन्सिंग बॉयलरमधून पाणी ठिबकतं, ते बाहेर सोडतात. आमच्याकडे बारीक नळी भिंतीबाहेरून लांबवर नेली होती, वर साधं आवरणही नाही. डिसेंबर २०२२ च्या थंडीत ती गोठली, बॉयलर बंद, आणि मी पहाटे सहाला नाइटगाऊनवर कोट चढवून किटलीतलं कोमट पाणी त्या नळीवर ओततोय. शेजारीण खिडकीतून बघत होती. शक्यतो ती नळी घरातल्याच ड्रेनला जोडायला सांगा. बाहेरूनच न्यायची तर ३२ मिलिमीटरची, आवरण घातलेली.

काम करणाऱ्याचं गॅस सेफ कार्ड (गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं ओळखपत्र) मागा, मागची बाजूही बघा. कोणकोणती कामं करायची परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. वॉरंटी दहा वर्षांची असली तरी दरवर्षी सर्व्हिसिंग केलं नाही तर ती लागू होत नाही. बादलीचा आकडा कळला की इथेच टाका, मग किलोवॅटचं बघू.