ओहायो स्टेटचा कॉलेज फुटबॉल संघ २०२४ मध्ये दोन सामने हरूनही राष्ट्रीय विजेता कसा ठरला?

नियम बदलला म्हणून. आधीची दहा वर्षं प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या बाद फेरीत, चारच संघ घ्यायचे, आणि दोन सामने हरलेल्या एकाही संघाला त्यात कधी जागा मिळाली नव्हती. २०२४ पासून चाराचे बारा झाले. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण तो मोसम मी कोलंबसमध्ये, म्हणजे ओहायो स्टेटच्याच गावात, शिकत असताना पाहिलाय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

(हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. पायाचा संबंध अधूनमधूनच.)

पहिला पराभव १२ ऑक्टोबरला ओरेगनकडून, ३२-३१. आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) विल हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरून खाली बसला, आणि तेवढ्यात घड्याळ शून्यावर! हळहळ झाली, पण चालून गेलं.

दुसरा चालून जाणारा नव्हता. मिशिगनशी सामना असतो त्या आठवड्यात विद्यापीठात जिथे इंग्रजी 'एम' दिसेल तिथे लाल टेपची फुली मारतात. पाट्या, इमारतींची नावं, काही सुटत नाही. आणि ३० नोव्हेंबरला आलेलं मिशिगन तोवर अकरापैकी पाच सामने हरलेलं. आपला संघ उभा करायला सुमारे दोन कोटी डॉलर लागल्याचं ओहायो स्टेटच्या क्रीडा संचालकांनी स्वतःच सांगितलं होतं. निकाल? मिशिगन १३, आम्ही १०. जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) कडेला मोकळा ठेवून चेंडू घेऊन मधल्या गर्दीत डोकं आपटायचा आमचा हट्ट काही सुटेना. त्यात आमच्या जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) हुकले. वर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला घेतला. मग हाणामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे. आमच्या जॅक सॉयरने तो झेंडा काठीवरून ओरबाडून काढला. मिशिगनकडून ही सलग चौथी हार. प्रशिक्षक रायन डे यांना हाकला, ही ओरड मी कॅन्टीनपासून बसपर्यंत ऐकली. आदल्या वर्षीच्या नियमाने तिथेच मोसम आटोपला असता.

बारांत आठवा क्रमांक मिळाला. पहिला सामना घरीच, टेनेसीशी, आणि स्टेडियममध्ये पाहुण्यांचा केशरी रंग इतका की आपल्या लोकांनी तिकिटं विकून टाकली हे उघड दिसत होतं. पण खेळ पार बदललेला. चेंडू हवेत, स्मिथकडे. ४२-१७. मग रोझ बोल या उपांत्यपूर्व सामन्यात तोच ओरेगन, तोवर अपराजित. दुसऱ्या क्वार्टरमध्ये फलक ३४-०, शेवटी ४१-२१. माझ्या मते मोसमातला सर्वोत्तम खेळ हाच. ओरेगनची मात्र कीव आली. अव्वल मानांकनाचं बक्षीस म्हणून पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेट!

उपांत्य सामन्यात टेक्ससने स्मिथला जखडून टाकलं. शेवटी शेवटी आम्ही २१-१४ ने पुढे, पण टेक्सस गोलरेषेपासून एका यार्डावर. तिथून त्यांना मागे रेटलं, आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात (पुढे सरकायला चारच मिळतात) सॉयरने क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातून चेंडू पाडला, उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. युअर्स पूर्वी ओहायो स्टेटमध्येच होता, सॉयरचा रूममेट!

२० जानेवारी २०२५, अटलांटा, अंतिम सामना नोत्र दामशी. ३१-७ वरून त्यांनी ३१-२३ पर्यंत गाठत आणलं. आमचा तिसरा प्रयत्न, अजून ११ यार्ड सरकायचे. नोव्हेंबरमधला संघ असता तर मुकाट मध्यातून पळाला असता. हॉवर्डने लांब फेकला, स्मिथने ५६ यार्डांचा घेतला. नंतरचा फील्ड गोल मारायला फील्डिंगच आला. या वेळी हुकला नाही. ३४-२३.