लँड रोव्हरच्या चॅसिसला आतून लागणारा गंज

प्रश्न : माझ्याकडे १९७४ची ‘सीरीज थ्री’ लँड रोव्हर आहे. चॅसिसचा, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याचा, काळा रंग बाहेरून चांगला दिसतो, पण मागच्या आडव्या भागावर हातोडीने ठोकले की खालच्या भोकांतून गंजाचे पापुद्रे पडतात. एका गॅरेजमध्ये पोकळीत फोम भरून घेण्याचा सल्ला मिळाला, तर एक स्नेही इंजिनचे जळके ऑइल ओतायला सांगतात. यांपैकी काय करावे?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : दोन्ही करू नये, आणि फोम तर मुळीच नको. आपल्या गाडीची चॅसिस म्हणजे साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याच्या पट्ट्या कडांना वेल्डिंग करून बनवलेली पोकळ पेटी आहे. वरची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असल्यामुळे वर्षानुवर्षे धडधाकट दिसते आणि मालक निर्धास्त राहतो; गंज मात्र आतून पत्रा खात असतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ चिखलाबरोबर आत जाऊन बसते, हवेतला दमटपणा ओढून घेते आणि पत्रा सुकू देत नाही. फोम भरल्यास हाच ओलावा पत्र्याला चिकटून राहतो आणि पाणी निघून जाण्याची वाट बंद होते. जळके ऑइल सांध्यांतल्या रबरी बुशांना फुगवते, जमिनीवर ठिबकून माती खराब करते आणि त्यात इंजिनातली आम्लेही उतरलेली असतात.

आधी पत्रा किती उरला आहे ते पाहावे. हातोडीचा आवाज खणखणीत आला तर ठीक; बद्द आला, तर तिथे टोकदार सळई दाबून पाहावी. मागचा आडवा भाग, बॉडीला आधार देणारे बाजूचे हात आणि स्प्रिंगांच्या टेकण्या या जागा आधी जातात. मोबाइलला जोडता येणारा बारीक कॅमेरा भोकातून आत घातल्यास बराच अंदाज येतो. वेल्डिंग करायचे असेल तर ते याच टप्प्यावर उरकावे, कारण शेवटी आत गंजरोधक मेण फवारायचे आहे आणि मेण मारलेल्या पोकळीवर वेल्डिंग केल्यास आत आग लागू शकते.

मग तळाची भोके तारेने मोकळी करून, खाली स्वच्छ पाणी पडेपर्यंत नळीने आतून धुवावे. सर्वांत जास्त संयम लागतो तो सुकवण्यासाठी. उन्हाळ्यातले कोरडे दिवस निवडून गरम हवेचा झोत सोडावा आणि कॅमेऱ्याने खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नये. गंज रूपांतरित करणारी रसायने आत ओतण्याचा मोह होतो, पण सुट्या पापुद्र्यांखाली ती पोहोचत नाहीत; त्यांवर भिस्त ठेवू नये.

त्यानंतर पोकळीसाठीचे मेण वापरावे; ब्रिटनमध्ये वॅक्सऑइल किंवा डिनिट्रॉल सहज मिळते. डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करावे (आगीवर कदापि नाही) आणि सर्व दिशांना फवारणारी लांब नळी दूरच्या टोकापर्यंत घालून हळूहळू मागे ओढत फवारावे. हे मेण मऊच राहते आणि वेल्डिंगच्या सांध्यांत झिरपते. डांबरी लेप मात्र कालांतराने कडक होऊन तडकतो आणि त्यामागे पाणी साचते. फवारताना ब्रेक झाकावेत आणि गॅरेजची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत. दुसऱ्या दिवशी तळाची भोके पुन्हा तारेने मोकळी करावीत, कारण ओघळलेल्या मेणाने ती हमखास बुजतात.

दर शरद ऋतूत कॅमेरा घालून पाहावे आणि उघडा पडलेला भाग पुन्हा फवारावा. चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना ब्रिटनमध्ये २०१८पासून वार्षिक तपासणीत सूट असली, तरी आपण ती सूट घेऊ नये, असे माझे मत आहे. बराच पत्रा गेलेला आढळला, तर मेणावर खर्च करण्यापेक्षा जस्ताचा मुलामा दिलेली नवी चॅसिस बसवण्याचा विचार करावा. वितळलेल्या जस्तात बुडवून काढल्यामुळे तिला आतूनही संरक्षण मिळते.