जुनी थ्री सिरीज टूरिंग, ए४ अवांट, सी-क्लास इस्टेट की व्ही६०: घेण्यापूर्वी नेमकं काय तपासायचं?

दोन मुलं, एक कुत्रा, अधूनमधून लांबचा प्रवास आणि बरीच वर्षं जुनी प्रीमियम स्टेशन वॅगन, म्हणजे लांब छताची, मोठ्या डिकीची गाडी. बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज आणि व्होल्वोच्या या चारपैकी कोणती घ्यावी, आणि डिझेल ऑटोमॅटिक घेतली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चारही गाड्या चांगल्या आहेत. पण या वयाच्या गाडीत कंपनीपेक्षा इंजिनाचा कोड जास्त महत्त्वाचा असतो. मागे ३२०डी लिहिलेल्या दोन बीएमडब्ल्यू शेजारी उभ्या असतील, तर एकीत एन४७ इंजिन असेल आणि दुसरीत बी४७. दोन्ही दिसायला सारख्या, पण खर्चाच्या हिशेबात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून विक्रेत्याला फोन केलात की आधी चासी नंबर मागा. त्यावरून इंजिनाचा कोड, उत्पादनाचा महिना, मूळ फिटिंग आणि बाकी राहिलेले रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं), हे सगळं अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कळतं. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याची गाडी बघायला जाऊच नका.

सुरुवात बीएमडब्ल्यूपासून करतो, कारण सगळ्यात महागडा दोष तिथेच आहे. एन४७ हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन २००७ मध्ये आलं. ते थ्री सिरीज टूरिंगच्या ई९१ या जुन्या पिढीत आहे आणि त्यानंतरच्या एफ३१ पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांतही. त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवणारी साखळी) पुढच्या बाजूला नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनला आधार देणारे प्लास्टिकचे गाइड झिजतात, चेन सैल पडते, आणि तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन संपतं. चेन बदलायची म्हटली तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बहुतेक गॅरेजवाले सरळ इंजिनच बाहेर काढतात. त्यामुळे सुट्या भागांपेक्षा मजुरी जास्त होते. २००७ ते २०११ मधल्या गाड्यांत हा त्रास जास्त दिसतो, नंतर कंपनीने भागांत सुधारणा केल्या. २०१५ च्या फेसलिफ्टनंतरच्या एफ३१ मध्ये बी४७ आहे. त्याचीही चेन मागेच आहे, पण तक्रारी खूप कमी. पेट्रोलमध्ये ३२८आय घेणार असाल तर एन२० इंजिनाच्या चेन गाइडचाही असाच प्रश्न आहे. नंतर आलेलं बी४८ जास्त निर्धास्त.

चेनची अवस्था कळायला थंड इंजिन लागतं. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून पाहा. कोमट लागलं तर गाडी कितीही देखणी असू द्या, दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. मग एकाला आत बसवून स्टार्ट करायला सांगा आणि स्वतः बॉनेट उघडून इंजिनाच्या मागच्या टोकाशी, म्हणजे काचेच्या बाजूला, कान द्या. डिझेलचा टकटक आवाज ओळखीचा असतो. तुम्हाला शोधायची आहे ती त्याखालची धातूची घासल्यासारखी खरखर. आरपीएम हळूहळू १,५०० ते २,००० पर्यंत न्या आणि तिथे धरून ठेवा. त्या पट्ट्यात मागून खरखर आली, तर चेनचा खर्च धरूनच किंमत बोला किंवा निघून या. ‘थंडीत सगळ्याच डिझेल असा आवाज करतात’ या उत्तराने समाधान करून घेऊ नका.

बीएमडब्ल्यूची आणखी एक गोष्ट कागदावर तपासायची. २०१८ मध्ये डिझेल गाड्यांच्या ईजीआर कूलरचा (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) मोठा रिकॉल झाला. कूलरमधून कूलंट गळून काजळीत मिसळतं, आणि क्वचित प्रसंगी त्यातून आग लागू शकते. काम झाल्याची नोंद चासी नंबरवर दिसते. झालं नसेल तर व्यवहाराआधी विक्रेत्याकडून करून घ्या, ते फुकट होतं.

ऑडी ए४ बी८ म्हणजे २००८ ते २०१५ ची गाडी. यातलं २.० टीएफएसआय पेट्रोल घेताना खूप सांभाळून राहा. सुमारे २०११ पर्यंतच्या इंजिनांत पिस्टन रिंगांमुळे ऑइल जळतं, आणि त्याच काळातला चेन ताणून धरणारा टेन्शनर निकामी होऊन चेन दात सोडते. टायमिंग कव्हरच्या खालच्या भागात एक छोटा प्लग असतो. तो काढून आत बॅटरीचा उजेड टाकला की जुना टेन्शनर आहे की सुधारित, हे जाणकार मेकॅनिकला दिसतं. ऑइल किती लागतं याचं उत्तर विक्रेत्याच्या तोंडून मिळणार नाही, बिलांतून मिळेल: दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये एक-एक लिटर ऑइल विकत घेतल्याच्या पावत्या असतील, तर समजून जा. या गाडीत ऑइलची पातळी स्क्रीनवर दिसते, तीही इंजिन गरम झाल्यावर. म्हणून ती टेस्ट ड्राइव्हनंतर पाहा. २.० टीडीआय डिझेलला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या उत्सर्जन घोटाळ्यातलं ईए१८९ इंजिन बहुतेक बी८ मध्ये हेच. सॉफ्टवेअर अपडेट झालंय का, आणि त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह बदलावा लागला का, दोन्ही विचारा. गिअरबॉक्स मल्टिट्रॉनिक असेल, म्हणजे पुढची चाकं ओढणारी ऑटोमॅटिक बी८ असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: सोडून द्या. क्वाट्रोसोबतचा, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या ऑडीतला, सात गिअरचा एस ट्रॉनिक ऑटोमॅटिक चालेल, पण दर ६०,००० किलोमीटरला ऑइल बदलल्याचा पुरावा हवा. नंतरची बी९ सगळ्याच बाबतीत सुधारलेली आहे. बजेट ताणून ती मिळत असेल तर बी८ चा विचार करू नका.

मर्सिडीजमध्ये एस२०४ (२००७ ते २०१४) आणि एस२०५ (२०१४ पासून) अशा दोन पिढ्या तुमच्या टप्प्यात येतात. डिझेल ओएम६५१ दमदार आहे. सुरुवातीच्या गाड्यांत डिझेल फवारणारे पिझो इंजेक्टर वारंवार बिघडत, नंतर कंपनीने दुसऱ्या प्रकारचे बसवले. ते बदलल्याचं बिल बघा. पेट्रोल एम२७१ मध्ये स्टार्ट केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद कडकड आवाज आला, तर चेन ताणलेली आहे आणि कॅमशाफ्टच्या गिअरचे दातही झिजले असण्याची शक्यता मोठी. एस२०४ चा दुसरा दोष गाडीखाली असतो. ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे चाललेल्या गाड्यांची मागची सबफ्रेम (सस्पेन्शन जिला जोडलेलं असतं ती चौकट) आतून गंजते. वरून काळा रंग चकचकीत दिसतो आणि आत पापुद्रे सुटलेले असतात. गाडी लिफ्टवर घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. ठणठणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला की समजावं. एस२०५ ला पर्यायी एअर सस्पेन्शन असतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर हवा गळते आहे.

व्होल्वो व्ही६० ची पहिली पिढी २०१० ते २०१८ ची. इंजिनं टिकाऊ, सीट चौघींत उत्तम. पण डिकी फक्त ४३० लिटर. एफ३१ ची ४९५, एस२०५ ची ४९० आणि ए४ बी९ ची ५०५ आहे. कुत्रा आणि सामान एकत्र न्यायचं असेल तर हा फरक रोज जाणवेल. कुत्र्याला सोबत घेऊन जा आणि डिकीत बसवून पाहा, मागच्या काचेच्या उतारामुळे उंची कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी पडते. पाच सिलिंडरच्या डिझेलला टायमिंग बेल्ट असतो. तो किलोमीटर आणि वर्षं, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा बदलायचा, आणि कमी चाललेल्या गाड्यांत नेमकी वर्षांची अट विसरली जाते.

आता वॅगनचा मागचा भाग. सेडान बघायची सवय असलेले लोक इथे पाच मिनिटंही घालवत नाहीत, आणि गाडी कशी वापरली गेली हे इथेच लिहिलेलं असतं. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, खाली ओल आहे का बघा. पाणी साधारण तीन वाटांनी येतं: मागच्या लाइटच्या रबरातून, दरवाजाच्या सीलमधून, आणि पॅनोरामिक छत असेल तर त्याच्या तुंबलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून. थ्री सिरीज आणि ए४ मध्ये बॅटरी मागेच असते, मर्सिडीजचा मागचा फ्यूज मॉड्यूलही तिथेच. ओलीमुळे हे सगळं हळूहळू कुजतं आणि मग एकमेकांशी संबंध नसलेले बिघाड एकदम सुरू होतात. डिकीचा दरवाजा दहा वेळा उघडा-मिटा. बिजागरीपाशी रबरी नळीत वायरिंग असतं, तिथे वाकून वाकून तारा तुटतात. थ्री सिरीजमध्ये मागची काच वेगळी उघडते, त्यामुळे तिथला हार्नेस आणखी लवकर तुटतो. नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर, काचेचा हीटर आणि डिकीचं लॉक, यांतलं एखादं अधूनमधून बंद पडत असेल तर आधी तिथेच बघायचं. सामान झाकायचा गुंडाळी पडदा आणि कुत्र्याची जाळी जागेवर आहे का? दोन्ही नंतर वेगळे घ्यायला महाग पडतात. टोइंगचा हुक असेल तर किती वजन ओढलं ते विचारा. हुक नंतर बसवलेला असेल तर त्याचं वायरिंग गाडीच्या मूळ मॉड्यूलमधून घेतलंय की कुठेतरी टाका मारून, हे डिकीच्या बाजूचं पॅनल काढून पाहा. जड ट्रेलर ओढलेल्या गाडीत मागची स्प्रिंग, बुश आणि गिअरबॉक्स आधी थकतात. मागच्या टायरची आतली कड तपासायला हात टायरच्या मागून फिरवा. बाहेरून चांगला टायर आतून तारेपर्यंत झिजलेला निघतो.

डिझेल घेऊ का, याचं उत्तर तुमच्या रोजच्या वापरावर आहे. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करताना आत सुमारे ६०० अंश तापमान लागतं, आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग मोकळ्या रस्त्यावर चालावं लागतं. रोज तीन-चार किलोमीटर शाळा-ऑफिस होणार असेल तर ही सफाई अर्धवट राहते, न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि चेन-टर्बो दोन्हींचं आयुष्य घटतं. महिन्यातून दोन-तीन लांबच्या फेऱ्या याला पुरत नाहीत. आठवड्याला एक तरी तासाभराचा प्रवास होणार नसेल तर पेट्रोल घ्या. युरोपातल्या अनेक शहरांत जुन्या डिझेलना प्रवेशबंदी आहे, म्हणून तिथे डिझेल घ्यायचंच तर युरो ६ या प्रदूषण मानकाची घ्या. सप्टेंबर २०१५ पासून नव्या गाड्यांना ते बंधनकारक झालं, त्याआधीच्या काहींतही ते मिळतं.

टेस्ट ड्राइव्हला किमान पाऊण तास घ्या आणि सोबत कंपनीला जुळणारा स्कॅनर असलेला मेकॅनिक न्या. साध्या स्कॅनरवर फक्त इंजिनाचे कोड दिसतात. तुम्हाला हवंय ते आणखी आतलं: फिल्टरमधल्या राखेचं प्रमाण, शेवटची सफाई किती किलोमीटरपूर्वी झाली, प्रत्येक इंजेक्टरची दुरुस्ती-मात्रा (त्याचा फवारा संगणक किती कमी-जास्त करतो). चारपैकी एकाच इंजेक्टरचा आकडा बाकीच्यांपासून दूर असेल तर तो जाण्याच्या मार्गावर आहे. शंभर-दीडशे किलोमीटरमध्येच फिल्टर पुन्हा पुन्हा सफाई मागत असेल तर कुठेतरी मूळ दुखणं आहे, नुसता फिल्टर बदलून ते जाणार नाही. किलोमीटर मागे फिरवलेले असतील तर तेही इथेच पकडता येतं, कारण डॅशबोर्डखेरीज इतर मॉड्यूलमध्येही किलोमीटरची नोंद असते आणि फसवणारा सगळ्या बदलतोच असं नाही.

चालवताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गरम झाल्यावर त्याच्याकडे लक्ष द्या. एफ३१ मधला आठ गिअरचा झेडएफ गिअर बदलल्याचं जाणवूही देत नाही, त्यात झटका म्हणजे काहीतरी बिनसलंय. ‘आयुष्यभराचं ऑइल’ या कंपनीच्या दाव्यावर विसंबू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. एस ट्रॉनिक असेल तर गाडी वाहतुकीत रांगल्यासारखी चालवून पाहा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवायला नको. एक्सड्राइव्ह (बीएमडब्ल्यूची चारही चाकं ओढणारी यंत्रणा) किंवा क्वाट्रो असेल तर स्टेअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या जागेत सावकाश दोन फेऱ्या मारा. चाकं अडखळल्यासारखी उडी मारत असतील तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) किंवा डिफरन्शियल संशयास्पद. एक्सड्राइव्हमध्ये चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. दोन नवे आणि दोन जुने घालून गाडी वर्षभर चालवली असेल तर त्याची किंमत ट्रान्सफर केसने मोजलेली असते.

माझी पसंती विचाराल तर २०१५ नंतरची एफ३१ ३२०डी, बी४७ इंजिन आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसह. दुसरी एस२०५. सर्व्हिसचे कागद बघताना शिक्क्यांपेक्षा बिलं मोजा. बीएमडब्ल्यूचा संगणक ऑइल बदलायला ३०,००० किलोमीटरपर्यंत थांबू देतो, पण ज्या मालकाने १५,००० ला बदललं त्याची गाडी २,००,००० किलोमीटर चाललेली असली तरी मी १,००,००० चाललेल्या दुर्लक्षित गाडीपेक्षा तीच निवडेन.

गाडी घेतलीत की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, मागचा इतिहास काहीही असो. जुना फिल्टर फेकू नका. त्याचा कागद कात्रीने कापून उलगडा, घड्या पसरा आणि उजेडात बघा. बारीक काळी काजळी ठीक आहे. काळ्या किंवा तपकिरी प्लास्टिकच्या कपच्या सापडल्या तर त्या चेनच्या गाइडच्या असू शकतात. गाडी तिथेच उभी करा, सुरू न करता टो करून चेनचं काम येणाऱ्या गॅरेजला न्या, आणि विक्रीच्या करारात काही दिवसांची हमी असेल तर त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवा.