क्रिस्टलोग्राफी डेटाबेसमधून कल काढताना आलेखातले बिंदू विखुरतात ते का?

तुमचा प्रश्न असा : लॅन्थनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या ऑर्थोफेराइटांची (लॅन्थनाइड, लोह आणि ऑक्सिजनची १:१:३ प्रमाणातली संयुगं) युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा) कशी आकसत जाते ते डेटाबेसमधून काढायचंय, पण आलेखात बिंदू सैरावैरा पडतात. दोष बहुधा शोधात नसतो. न जुळणाऱ्या नोंदी एकाच आलेखात आल्यात.

सीओडी (क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस) मोफत आहे, तिथूनच सुरुवात करा. लॅन्थनाइड, लोह आणि ऑक्सिजन ही मूलद्रव्यं द्या आणि मूलद्रव्यांची संख्या किमान ३, कमाल ३ ठेवा, म्हणजे डोप केलेले (परकं मूलद्रव्य मिसळलेले) नमुने गळतात. तरीही गार्नेट (त्याच मूलद्रव्यांची वेगळ्या प्रमाणातली संयुगं) येतातच, तेव्हा सूत्र १:१:३ तपासा. तेवढ्यानेही भागत नाही. ल्युटेशियम फेराइट याच सूत्राचं षट्कोनी रूपातही मिळतं, म्हणून स्पेस ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा प्रकार) क्रमांक ६२ ही अट हवीच.

खरी गोची अक्षांची आहे. ६२ क्रमांकाचा हा एकच ग्रुप कुणी पीएनएमए लिहितं, कुणी पीबीएनएम. ल्युटेशियम फेराइटचे अक्ष पीबीएनएममध्ये साधारण ५.२१, ५.५५, ७.५७ अँगस्ट्रॉम, पीएनएमएमध्ये तेच ५.५५, ७.५७, ५.२१ असे येतात. फाइलमधला 'ए' (पहिला अक्ष) तसाच उचलला की आलेख बिघडलाच. सगळ्या नोंदी आधी एका सेटिंगमध्ये (अक्षांच्या एकाच क्रमात) आणा.

मी तर आधी घनफळ भागिले ४ (सेलमधली सूत्र-एककं) एवढंच काढेन, त्याला सेटिंगची बाधा नाही. लॅन्थनमसाठी सुमारे ६०.७, ल्युटेशियमसाठी ५४.७ घन अँगस्ट्रॉम येतं. मग अक्ष वेगवेगळे पाहा. तिथे फार सुंदर गोष्ट दिसते. पीबीएनएममध्ये 'ए' सतत घटतो, पण 'बी' (दुसरा अक्ष) आधी किंचित वाढून मग उतरतो. आकसण्याबरोबर ऑक्टाहेड्रा (लोहाभोवती ऑक्सिजनने बनलेले अष्टफलक) कलतात, त्याचा हा परिणाम.

तापमानाच्या रकान्यावर डोळे मिटून विश्वास नको. शेलएक्सएल या रचना निश्चित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान दिलं नाही तर फाइलमध्ये २९३ केल्व्हिन आपोआप पडतं, मोजमाप १०० केल्व्हिनला झालेलं असलं तरी. शंका आली तर मूळ लेख उघडा. उच्च दाबाखालच्या नोंदीही वेगळ्या काढा.

आडव्या अक्षावर शॅनन यांच्या १९७६च्या आयन-त्रिज्या घ्या, पण सगळ्यांसाठी एकाच कोऑर्डिनेशनच्या (शेजारच्या अणूंच्या संख्येच्या). आठसाठी लॅन्थनम १.१६०, ल्युटेशियम ०.९७७. प्रोमेथियमची जागा रिकामी राहिली तर ती रिकामीच ठेवा, गणनेतून काढलेल्या सेलने भरू नका. पीबीई (संगणकावर रचना काढण्याची एक प्रचलित पद्धत) गणनेत अक्ष साधारण टक्काभर मोठे येतात, म्हणजे घनफळात तीनेक टक्के. शेजारच्या दोन लॅन्थनाइडांमधला फरक त्याहून कमी असतो.