पोस्टर छापण्याआधी

अनेक आशीर्वाद.

शिकार थांबवण्याच्या मोहिमेचा तुझा आराखडा वाचला. पोस्टरं, शाळांमधली भाषणं, एक माहितीपट. मेहनत दिसते. पण नेमकं कोणी काय करायचं थांबवावं, हे त्यात कुठेच नाही. माहिती मिळाली तरी माणूस उद्या तेच करतो, कारण त्याची गरज तीच राहते.

दक्षिण आफ्रिकेतल्या शेंबे संप्रदायाचे अनुयायी धार्मिक नृत्याच्या वेळी बिबट्याचं कातडं अंगावर घेतात. 'बिबटे वाचवा' एवढं सांगून त्यांनी ते उतरवलं असतं का? त्यात त्यांची श्रद्धा आहे, मान आहे. वाघ-बिबट्यांसारखे प्राणी वाचवण्यासाठी काम करणाऱ्या 'पँथेरा' संस्थेने संप्रदायाच्या धुरिणांशी बोलून हुबेहूब दिसणारी कृत्रिम कातडी तयार करवून घेतली आणि अनुयायांना दिली. नृत्याला कोणी हात लावला नाही. मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की समोरच्याला गुन्हेगार न ठरवता बोलणं सुरू झालं. तू ज्यांच्याकडे जाणार आहेस, ते कोणाचं ऐकतात, हे आधी शोध. बहुधा ती व्यक्ती तू नसशील.

आता तुझ्या पोस्टरवरचं वाक्य: 'दररोज कितीतरी लोक शिकार करतात.' ते काढून टाक, माझा आग्रह आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातून पर्यटक अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, लाकडाचे तुकडे उचलून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. 'आजवर अनेकांनी लाकूड नेलं' अशा अर्थाची पाटी होती तिथे खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ ८ टक्के गेले. 'कृपया नेऊ नका' अशी साधी विनंती होती तिथे २ टक्क्यांहूनही कमी. सगळेच करतात म्हटल्यावर करणाऱ्याला धीर येतो. 'फार थोडे उरलेत' हेही जपून वापर. गेंड्याचं शिंग प्रतिष्ठेसाठी घेणाऱ्याला ते ऐकून शिंग अधिकच हवंसं वाटू शकतं.

पोस्टर किती जणांनी पाहिलं, हे मोजण्यात वेळ घालवू नकोस. जंगलात शिकारीसाठी लावलेले फासे किती सापडले, ते मोज. आणि मोहीम नसलेल्या, पण तशाच दुसऱ्या भागातही मोज, नाहीतर घट कशामुळे झाली हे सांगता येणार नाही. थेट विचारलंस तर शिकार करणारा खरं सांगेलच असं नाही. त्याला तुझ्याकडून धोका नाही, हे त्याला पटायला वेळ लागतो. तो वेळ आराखड्यात धर.

नवा आराखडा पाठवशील तेव्हा पहिल्या ओळीत कोण, कुठे, कधी आणि काय करतं, एवढंच लिही. बाकीचं त्यानंतर बोलू.